फिटर ट्रेडला मुली आणायच्या आणि टिकवायच्या, तर

महाराष्ट्रातल्या सरकारी आयटीआयमध्ये मुलींसाठी 30 टक्के जागा राखीव आहेत. फिटर, म्हणजे यंत्रांचे भाग घासून-जुळवून बसवण्याचा ट्रेड; त्याच्या 20 जणांच्या तुकडीत त्या सहा होतात. तरी मुली कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) नाहीतर शिवणकामाकडेच वळतात, कारण ट्रेड घरात ठरतो. शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य किंवा आयटीआयचा निदेशक (ट्रेड शिकवणारा), कुणीही हे काम हाती घेतलं तरी सुरुवात घरापासूनच करावी लागते.

निकालानंतर जाऊ नका. तेव्हा फॉर्मची घाई असते आणि नेट कॅफेवाला 'मुलींचे' ट्रेड वर टाकून मोकळा होतो. दहावीची परीक्षा संपली की जा, तेही संध्याकाळी, सगळे घरी असताना. निर्णय पुष्कळदा वडिलांचा नसून काकांचा किंवा मोठ्या भावाचा असतो. तो कुणाचा हे आधी आईकडून काढून घ्या. 'मुलगा-मुलगी समान' हे भाषण देऊ नका, सगळे मान डोलावतात आणि विषय तिथेच संपतो. घरच्यांचे खरे प्रश्न तीनच असतात: परत किती वाजता येणार, सोबत कोण, लग्नात अडचण येईल का?

पहिल्या दोन प्रश्नांना एकच उत्तर आहे: एकटी मुलगी घेऊ नका. एकाच एसटी मार्गावरच्या चार-पाच जणी मिळवा. एकटी आलेली पहिल्या पावसाळ्यातच गळते. मार्च 2023 पासून महिलांना एसटीत निम्मं तिकीट आहे, त्यामुळे पैशांपेक्षा वेळ आडवी येते. शेवटची बस वर्कशॉप सुटण्याआधीच निघत असेल, तर आगाराला लेखी अर्ज प्रवेशाआधीच द्या.

आता वर्कशॉप. सुरुवातीचे आठवडे कानस (धातू घासायची फाइल) चालवण्यात जातात आणि इथेच 'मुलींना जमत नाही' हा शिक्का बसतो. मुळात चूक बेंचच्या उंचीची असते. मुलीला सरळ उभं करा, कोपर बेंचवरच्या व्हाइसच्या (तुकडा घट्ट पकडणाऱ्या शिकंजाच्या) जबड्यावर टेकवून मूठ हनुवटीखाली धरायला सांगा. खांदा न उचलता मूठ हनुवटीला लागली तर उंची बरोबर. खांदा वर गेला, तर व्हाइस तिला उंच पडतोय. मग कानस सपाट जात नाही, झोके खाते, कडा जास्त घासल्या जातात आणि मध्ये फुगवटा राहतो. ट्रायस्क्वेअर (काटकोन तपासायची पट्टी) धरली की दोन्ही टोकांना उजेड दिसतो. उपाय साधा आहे: पायाखाली न डुगडुगणारी लाकडी फळी, लागेल तेवढ्या उंचीची. ठेंगण्या मुलांनाही तीच द्या, म्हणजे ती 'मुलींची फळी' होत नाही.

हाताला फोड येतातच. ते पाहून घरचे हबकतात, म्हणून आईला आधीच सांगून ठेवा.

सुरक्षा बूट मागवताना 3, 4, 5 नंबर आठवणीने लिहा. सैल बुटात पाय अडखळतो. लेथजवळ (तुकडा फिरवून कापणाऱ्या यंत्राजवळ) ओढणी, बांगड्या, सुटी वेणी नको. फिरत्या यंत्रावर हातमोजेही नकोत. ओढणी चकमध्ये (लेथचा तुकडा पकडून फिरणारा भाग) गेली तर काय होतं, हे पालकांना वर्कशॉपमध्ये उभं करून सांगा, म्हणजे एप्रनला घरून विरोध होत नाही. स्वच्छतागृहाला आतून कडी, पाणी आणि झाकणाची कचरापेटी हवी. नाही तर मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, पोट दुखतं आणि हजेरी घसरते.

तिसरा प्रश्न लग्नाचा. तुळशीच्या लग्नानंतर स्थळं यायला लागतात, तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या मुलींच्या घरी दिवाळीआधीच पुन्हा जा. पुढच्या ॲप्रेंटिसशिपच्या कंपनीचं नाव, विद्यावेतनाची रक्कम आणि गाडीची सोय कागदावर लिहून न्या. नुसत्या शब्दावर साखरपुडा थांबत नाही. मुलगी 18 ची नसेल तर लग्न बेकायदेशीर आहे, हेही शांतपणे, पण स्पष्ट सांगा.

कंपनी निवडताना आत जाऊन पाहा. महिलांचं स्वच्छतागृह शॉपपासून किती लांब आहे, सेकंड शिफ्ट किती वाजता सुटते, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याप्रमाणे तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती आहे का. दहा किंवा त्याहून अधिक कामगार असतील तर ती बंधनकारक आहे. सदस्यांची नावं भिंतीवर लागलेली दिसली नाहीत, तर मुली पाठवण्याआधी ती लावून घ्या.