गल्ल्यावरून नमस्कार कसा करावा

देवळाली कॅम्पात किराणा दुकान चालवायचं म्हणजे बरंचसं गिऱ्हाईक तोफखान्यातल्या जवानांच्या घरचं. एक कुटुंब बदलीवर गेलं की त्याच क्वार्टरमध्ये दुसऱ्या मुलखातलं येतं. दुकानात नवीन बसणाऱ्यांसाठी हे लिहितेय.

पहिल्या खेपेला साधा नमस्कार करा आणि गाव विचारा. चेहऱ्यावरून भाषा ओळखायला जाऊ नका. दक्षिणेकडची दिसते म्हणून तमिळ 'वणक्कम' ठोकलंत आणि बाई गुंटूरची, म्हणजे तेलुगू निघाली, तर साखर घेईल पण खुलणार नाही. तिला 'नमस्कारम, बागुन्नारा?', बऱ्या आहात ना. मिझोरामच्या मुलींना लोक काय काय विचारतात ते मी ऐकलंय. तुम्ही 'चिबाई' म्हणा. गाव कळलं की उधारीच्या वहीत नावापुढे टिपून ठेवा.

तमिळ बायकांशी नुसतं 'वणक्कम' म्हणजे सभेत आल्यासारखं वाटतं. दुपारच्या वेळी 'साप्टींगळा?' विचारा, जेवलात का. त्यातला ळ आपल्याला आयताच येतो, उगाच हिंदीवाल्यांसारखा ल करू नका. शेपूट तोडून 'साप्टिया?' म्हणालात तर ते अगंतुगं झालं. ते फक्त तिच्या पोरांना. तुम्हालाच विचारलं तर 'साप्टेन', जेवले. खरी पंचाईत पुढे असते. एक वाक्य ऐकलं की ती घडाघडा सुरू होते. म्हणून नमस्काराच्या जोडीला हेही पाठ करा: 'तमिळ कोंजम दान तेरियुम.' थोडंच येतं. त्यावर हसू हमखास.

बंगाली वहिनींना 'केमोन आछेन?', कशा आहात. मोठ्यांना 'आछो' नको. विजापूर, बागलकोटकडच्यांना 'नमस्कार री' आणि मग 'ऊटा आयता?', पुन्हा जेवणाचीच चौकशी. 'केम छो' सगळ्यांना येतं, उत्तरादाखल 'मजामा' म्हणायचं मात्र विसरतात. सरदारजींना हात जोडून 'सत श्री अकाल'; त्यांच्या तोंडून घाईत ते 'ससरियाकाल' ऐकू येईल, तुम्ही नीट म्हणा.

सगळ्यात सोपं लडाखी. आल्यावर 'जुले', सुटे पैसे हातात ठेवले की त्यांच्याकडून 'जुले', निघतानाही 'जुले'. कामाला लागलेल्या पोरांना मी आधी हेच शिकवते, तमिळ नंतर.