जायकवाडीच्या पाण्याची बातमी वाचताना

पावसाळा संपत आला की मराठवाड्यात जायकवाडीच्या साठ्याची आणि नगर-नाशिकमधून पाणी सोडण्याच्या वादाची बातमी हमखास येते. तिच्यातील टक्केवारी एकूण साठ्याची आहे की उपयुक्त साठ्याची, हे आधी पाहावे. नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी (अब्ज घनफूट) असली तरी त्यातील सुमारे २६ टीएमसी मृतसाठा (तळाचे, सहसा वापरता न येणारे पाणी) असतो आणि उपयुक्त साठा ७६ टीएमसीच्या आसपास असतो. म्हणूनच उन्हाळ्यात साठा 'शून्य' किंवा 'उणे' झाल्याचे छापून आले, तरी धरण कोरडे पडले असे होत नाही.

पाणी सोडल्याच्या बातमीत आकडा बहुधा क्यूसेकमध्ये (सेकंदाला घनफूट) असतो आणि तो ऐकायला भलताच मोठा वाटतो. ११,५७४ क्यूसेकचा विसर्ग पूर्ण २४ तास चालला, तर १ टीएमसी पाणी होते. त्यातही सोडलेले पाणी आणि पैठणपर्यंत, म्हणजे जायकवाडीपर्यंत, पोहोचलेले पाणी यांत वहनव्यय (वाटेत होणारी घट) असतो, ज्याचा उल्लेख दोन्ही बाजूंचे नेते सोयीनुसार करतात किंवा टाळतात.

राहिला प्रश्न हक्काचा. समन्यायी वाटपाची (खोऱ्यातील सर्व भागांना न्याय्य वाटा देण्याची) तरतूद जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यात आहे आणि ऊर्ध्व (नदीच्या वरच्या भागातील) धरणांतून पाणी सोडण्यासंबंधीचा निर्णय १५ ऑक्टोबरच्या साठ्यावरून ठरतो. त्यामुळे ऑगस्टमधील 'पाणी मिळणारच' किंवा 'एक थेंबही देणार नाही' ही विधाने भूमिका म्हणून वाचावीत. प्रत्यक्ष आदेश निघाला का, कोणी काढला आणि त्यात किती टीएमसी नमूद आहे, हे बातमीच्या मथळ्यात नव्हे तर बहुतेकदा शेवटच्या परिच्छेदात सापडते.