शेततळ्यात कोळंबीचे बीज सोडण्यापूर्वी

मराठवाड्यात बोअरच्या मचूळ पाण्यावर व्हेनामी जातीची कोळंबी घेऊ पाहणाऱ्यांनी केवळ पाण्याच्या खारटपणावर भिस्त ठेवू नये. लिटरमागे सुमारे २५ ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात या कोळंबीच्या रक्ताचा आणि बाहेरच्या पाण्याचा तोल जुळतो. त्याहून गोड्या पाण्यात मात्र शरीरातले क्षार झिरपून जातात, पाणी आत शिरते, आणि ही गळती भरून काढण्यासाठी कल्ल्यांतील पेशींना ऊर्जा खर्चून सोडियम व क्लोराइड सतत आत ओढावे लागतात. क्षार आत ओढणाऱ्या पेशींतील या पंपाला पोटॅशियम लागते आणि नेमके तेच बोअरच्या पाण्यात बहुधा कमी असते, म्हणून मीठ टाकून काम भागत नाही. समुद्राच्या पाण्यात सोडियम व पोटॅशियम यांचे प्रमाण साधारण २८:१ असते. पाणी तपासून घेऊन म्युरेट ऑफ पोटॅश (पोटॅशियमचे खत) टाकून त्या प्रमाणाच्या जवळ जावे. कल्ले पुरते न वाढलेले कोवळे बीज घेऊ नये. बीज ठेवलेल्या टाकीत तळ्याचे पाणी थोडे थोडे मिसळत क्षारता उतरवावी, शेवटच्या टप्प्यात तर सर्वांत सावकाश. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने क्षार वाढतात आणि पहिल्या मोठ्या पावसात एकदम उतरतात, त्यामुळे त्या दिवसांत, विशेषतः कोळंबी कात टाकत असताना, क्षारता रोज मोजावी.