मिरजेत कॅशलेस बंद झालं, तेव्हा आम्ही काय केलं

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेत ठरलं होतं. ॲडमिट व्हायच्या आधीच्या आठवड्यात हॉस्पिटलच्या टीपीए डेस्कवरून (विम्याच्या क्लेमचं काम पाहणारा विभाग) फोन: "तुमच्या विमा कंपनीशी दरांवरून आमचा करार तुटलाय, कॅशलेस होणार नाही, म्हणजे बिल कंपनी थेट आम्हाला भरणार नाही. आधी पैसे भरा." वर्षानुवर्षं हप्ते भरणाऱ्या माणसाला हे ऐकवतात, याचा मला अजून संताप येतो. भांडण त्या दोघांचं, पैसे जमवत फिरायचं आम्ही!

पण करार तुटला म्हणून पॉलिसी तुटत नाही. जानेवारी 2024 पासून 'कॅशलेस एव्हरीव्हेअर' आहे: नेटवर्कबाहेरच्या, म्हणजे कंपनीशी करार नसलेल्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं. ठरलेल्या ऑपरेशनला कंपनीला 48 तास आधी कळवायचं. इमर्जन्सी असेल तर ॲडमिट झाल्यापासून 48 तासांत. हॉस्पिटलची तयारी मात्र लागते, आणि खरी अडचण तिथेच. डॉक्टरांना भेटून विनंती केली, ते डेस्कशी बोलले, मग काम हललं. कंपनीला ईमेलच केला, फोनवरचं बोलणं पुढे कोण मानतं?

मंजुरी आली. ग्लोव्ह्जसारखा किरकोळ खर्च आमच्याकडे राहिला.

हॉस्पिटल नाहीच म्हणालं, तरी रिइम्बर्समेंट मिळते, म्हणजे आधी आपण भरायचं आणि नंतर कंपनीकडून परत घ्यायचं. मूळ बिलं, डिस्चार्ज कार्ड, इम्प्लांटचं स्टिकर जपून ठेवा. क्लेम अडवला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल (विम्याच्या तक्रारी सोडवणारे अधिकारी), आमच्या भागासाठी पुण्याचे. तिथे फी नाही, वकीलही लागत नाही.