वर्गात तंत्रज्ञान वापरायचं कसं: आधी प्रश्न, मग पडदा

प्रोजेक्टर किंवा टॅब्लेट वर्गात आले की पहिला मोह होतो तो दाखवण्याचा. फळ्यावरचा मजकूर स्लाइडवर येतो, पुस्तकातलं चित्र हलायला लागतं आणि कालपर्यंत ऐकत बसलेली मुलं आज बघत बसतात. शिकणं मात्र होतं तिथेच राहतं. तंत्रज्ञान खरं कामाला येतं ते दुसऱ्याच ठिकाणी. चाळीस डोक्यांत या क्षणी काय चाललंय हे शिक्षकाला कळावं आणि आपलं नेमकं कुठे चुकलं हे मुलाला लगेच समजावं, या दोन गोष्टी एकट्या माणसाला खडू-फळ्यावर फार अवघड जातात.

ही जाणीव जुनी आहे. सिडनी प्रेसी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९२० च्या दशकात केलेल्या यंत्रात एका खिडकीतून प्रश्न दिसायचा आणि उत्तरासाठी चार कळा असायच्या. यंत्र शिकवण्याच्या सोयीवर ठेवलं की बरोबर कळ दाबेपर्यंत पुढचा प्रश्न येतच नसे. शंभर वर्षांनंतरही कुठलंही ॲप निवडताना हीच कसोटी लावावी: ते मुलाला उत्तर द्यायला लावतं का, आणि ते उत्तर कोणी बघतं का?

सुरुवात वहीतून करा

संपूर्ण विषय ‘डिजिटल’ करायला जाऊ नका. एक घटक निवडा, तोही मुलं दरवर्षी जिथे अडखळतात तो. शेवटच्या चाचणीच्या वीस-पंचवीस उत्तरपत्रिका समोर घ्या आणि एकसारख्या चुका शोधा. मग एक वाक्य लिहा: ‘मुलांना असं वाटतं की…, प्रत्यक्षात…’. हे वाक्य लिहिता येत नसेल तर कुठलंही साधन उघडण्यात अर्थ नाही, कारण ते कशावर चालवायचं हेच ठरलेलं नाही.

दशांश अपूर्णांकांचं उदाहरण घेऊ. काही मुलांना वाटतं, दशांश चिन्हानंतर जितके अंक जास्त तितकी संख्या मोठी. काहींना उलट वाटतं: दशांश हा शतांशापेक्षा मोठा, म्हणून कमी अंकांची संख्याच मोठी. आता हा प्रश्न पाहा.

सर्वांत मोठी संख्या कोणती? (अ) ०.४ (आ) ०.४५ (इ) ०.३७५ (ई) नक्की सांगता येत नाही

‘इ’ निवडणारा पहिल्या समजुतीचा, ‘अ’ निवडणारा दुसऱ्या. बरोबर उत्तर ‘आ’. म्हणजे चुकीचं उत्तरसुद्धा निदान करतं. हाच प्रश्न ०.८, ०.७५ आणि ०.१२५ असे आकडे घेऊन विचारला असता तर फसगत झाली असती: ‘अंक कमी म्हणून मोठी’ समजणारं मूलही ०.८ हे बरोबर उत्तर देऊन गेलं असतं आणि त्याची चूक दिसलीच नसती. प्रश्न तयार झाला की प्रत्येक चुकीच्या समजुतीने तो एकदा स्वतः सोडवून बघा. त्या समजुतीनेही बरोबर उत्तर येत असेल तर आकडे बदला. चौथा पर्याय मुद्दाम ठेवलाय. तो नसेल तर न कळलेलं मूल अंदाजाने ठोकून देतं.

एका तासिकेला असे दोन किंवा तीन प्रश्न पुरतात. दहा ठेवले तर चर्चेला वेळ उरत नाही, आणि खरं शिकणं चर्चेतच होतं.

मत घ्यायचं, पण निकाल झाकून

हार्वर्ड विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९१ पासून वापरात आणलेला क्रम कुठल्याही इयत्तेला चालतो:

१. प्रश्न पडद्यावर दाखवा. एक ते दोन मिनिटं प्रत्येकाने गप्प राहून एकट्याने विचार करायचा.
२. सगळ्यांनी उत्तर नोंदवायचं. निकाल फक्त तुम्ही बघायचा.
३. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील तर थांबा, घटक वेगळ्या पद्धतीने पुन्हा समजवा. ७० टक्क्यांच्या वर असतील तर थोडक्यात कारण सांगून पुढे जा.
४. मधे असतील तर वेगळं उत्तर दिलेला शेजारी शोधून त्याला पटवायला सांगा. दोन ते तीन मिनिटं पुरे.
५. पुन्हा मत घ्या, मग उत्तर उघड करा आणि चुकलेल्या पर्यायांमागचा विचारही बोलून दाखवा.

यात सर्वांत जास्त बिघडतं ते दुसऱ्या पायरीवर. बहुतेक ॲप मत घेतल्याबरोबर उभ्या पट्ट्यांचा तक्ता पडद्यावर झळकवतात. सर्वांत उंच पट्टी कोणती ते दिसलं की चर्चा संपलीच. दुसऱ्या फेरीत सगळे तिकडे वळतात आणि आकडा छान दिसतो. ती सेटिंग आधीच बंद करा, नाहीतर त्या वेळेपुरता प्रोजेक्टर झाका. दुसरा घोटाळा वेगाच्या गुणांचा. लवकर उत्तर देणाऱ्याला जास्त गुण आणि पडद्यावर क्रमवारी अशी रचना असली की विचार करणारी मुलं मागे पडतात आणि अंदाज लावणारी पुढे जातात. उजळणीच्या खेळाला ते चालेल, निदानाला चालणार नाही.

मुलांकडे फोन नसले तरी अडत नाही. प्लिकर्ससारख्या पद्धतीत प्रत्येक मुलाला चौकोनी नक्षीचं एक कागदी कार्ड मिळतं. कार्ड ज्या बाजूने वर धरलं ते उत्तर, आणि शिक्षकाचा एकच फोन सगळी कार्डं वाचतो. बाजूची अक्षरं बारीक असतात आणि प्रत्येक कार्डाची नक्षी वेगळी, त्यामुळे शेजाऱ्याचं बघून उत्तर देणं सोपं राहत नाही. कार्डं जाड पण चकाकी नसलेल्या कागदावर छापा. चकचकीत लॅमिनेशन केलं तर उजेड परावर्तित होऊन कॅमेऱ्याला नक्षी दिसत नाही. काळ्या भागावर बोटं आली तरीही कार्ड वाचलं जात नाही, म्हणून कडेला धरायची सवय पहिल्याच दिवशी लावा.

छोटा व्हिडिओ स्वतः करताना

तयार व्हिडिओ भरपूर मिळतात, पण तुमच्या मुलांची नेमकी चूक धरून केलेला पाच मिनिटांचा साधा व्हिडिओ त्यांच्याहून जास्त कामाचा. लांबी आवरा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात फिलिप गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरच्या ६९ लाख वेळा झालेल्या व्हिडिओ-पाहण्याच्या नोंदी तपासल्या. व्हिडिओ कितीही मोठा असो, पाहण्याच्या वेळेचा मध्यक सहा मिनिटांच्या पुढे गेला नाही. म्हणून एका व्हिडिओत एकच कल्पना. अर्ध्या तासाचं व्याख्यान कापून पाच तुकडे करणं वेगळं आणि पाच कल्पना स्वतंत्र बांधणं वेगळं, दुसरं करा.

फोन पुस्तकांच्या दोन थप्प्यांवर आडव्या ठेवलेल्या पट्ट्यांवर असा ठेवा की कॅमेरा खालच्या कागदाकडे बघेल. प्रकाश लिहित्या हाताच्या विरुद्ध बाजूने येऊ द्या, म्हणजे हाताची सावली अक्षरांवर पडत नाही. जाड स्केचपेन घ्या. पंखा बंद, फोन विमान-मोडवर. चित्र थोडं धूसर असलं तर मुलं चालवून घेतात. आवाज घुमला तर व्हिडिओ बंद करतात. त्यामुळे माइक तोंडापासून एक वीतभर अंतरावर ठेवा आणि आधी दहा सेकंदं ध्वनिमुद्रण करून हेडफोनवर ऐका.

पडद्यावर पूर्ण वाक्यं लिहून तीच मोठ्याने वाचू नका. डोळे एका वेगाने वाचतात, कान दुसऱ्या वेगाने ऐकतात आणि लक्ष दोन्हींत ओढलं जातं. पडद्यावर आकृती आणि दोन-तीन शब्द, बाकी बोलून. अपवाद आहे: मुलं परक्या भाषेतून शिकत असतील किंवा ऐकू कमी येत असेल तर अक्षरं खाली यायलाच हवीत.

दर दीड-दोन मिनिटांनी थांबा: ‘व्हिडिओ थांबवा, पुढे काय होईल ते वहीत लिहा.’ दुसऱ्या दिवशी वही बघा. वही बघितली जात नाही हे मुलांना एकदा कळलं की व्हिडिओही बघितला जात नाही.

फाइलचं गणितही करून ठेवा. सेकंदाला एक मेगाबिट या दराने साठवलेला सहा मिनिटांचा व्हिडिओ साधारण ४५ मेगाबाइट होतो. दर निम्मा केला तर निम्मा. कागदावरचं लेखन दाखवायला निम्मा दर सहसा पुरतो, आणि ज्यांच्याकडे डेटा मोजून वापरावा लागतो त्यांच्यासाठी हा फरक मोठा आहे.

सिम्युलेशन: आधी अंदाज, मग हात

भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेल्या फेट प्रकल्पातली सिम्युलेशन, म्हणजे पडद्यावर स्वतः बदल करून बघता येणारे प्रयोग, मोफत आहेत आणि आधी उतरवून घेतली तर इंटरनेटशिवाय चालतात. गणितासाठी जिओजेब्रा हे सॉफ्टवेअर तसंच. पण ‘हे बटण दाबा, मग ते दाबा’ अशी कृतिपत्रिका दिली की मुलं बटणं दाबतात आणि विचार कृतिपत्रिकेवर सोडून देतात.

लंबक घ्या. पहिली पाच मिनिटं मुलांना हवं तसं खेळू द्या, नाहीतर ती पुढचा सगळा वेळ चोरून खेळतील. मग तक्ता द्या: वजन दुप्पट केलं तर एका दोलनाला लागणारा वेळ वाढेल, कमी होईल की तेवढाच राहील? लांबी चौपट केली तर? अंदाज पेनाने लिहून घ्या, म्हणजे मागाहून खोडता येत नाही. त्यानंतरच चालवू द्या, एका वेळी एकच गोष्ट बदलून. वजनाने फरक पडत नाही हे बघून बरीच मुलं पुन्हा पुन्हा करून पाहतात, आणि ते थांबवू नये. मग दोऱ्याला दगड बांधून तेच प्रत्यक्ष करा: २५ सेंटिमीटर लांबीला वीस दोलनं सुमारे २० सेकंदांत होतात, १०० सेंटिमीटरला सुमारे ४०. झोका लहान ठेवा. लांबी दगडाच्या मध्यापर्यंत मोजा; गाठीपर्यंत मोजली की आकडे जुळत नाहीत. पडद्यावरचं आणि दोऱ्यावरचं एकच निघालं की सिम्युलेशन नुसतं चित्र राहत नाही.

उजळणी यंत्रावर सोपवा

विसरण्याचा वेग जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडला होता. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी दाखवलं की पाच मिनिटांनी चाचणी घेतली तर पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे असतात, आठवड्याने घेतली तर मधे स्वतःची परीक्षा घेणारे. मुलांना वाचनच बरं वाटतं, कारण ओळखीचं वाटणं हेच येणं असं वाटतं.

अंकीसारखं (Anki) प्रश्नोत्तरांच्या कार्डांचं ॲप प्रत्येक कार्ड किती दिवसांनी विचारायचं हे स्वतः ठरवतं. त्यात रोज २० नवी कार्डं ही सेटिंग आधीपासून असते. शाळकरी मुलासाठी ती ५ ते ८ वर आणा. नवी कार्डं रोज येतात आणि जुनी परत येत राहतात, त्यामुळे तीन आठवड्यांत ढीग साठतो आणि मूल ॲपच सोडून देतं. सुट्टीनंतर ढीग साठलाच तर नवी कार्डं शून्यावर ठेवा आणि आधी जुनी संपू द्या. एका कार्डावर एकच गोष्ट असावी. ‘प्रकाशसंश्लेषणाची माहिती लिहा’ हे कार्ड नव्हे. ‘प्रकाशसंश्लेषणात कोणता वायू बाहेर पडतो?’ हे कार्ड. ॲप नसेल तर शिक्षकाने दर तासाच्या सुरुवातीला चार प्रश्न विचारावेत: कालचा, परवाचा, गेल्या आठवड्यातला आणि गेल्या महिन्यातला.

चॅटबॉट वापरायचा तर चुकीचे पर्याय सुचवून घ्यायला वापरा, पण प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवून बघा; तो चुकीचं उत्तरही ठामपणे देतो. मुलांची नावं, गुण, फोटो त्यात टाकू नका.

तासिका कुठे सांडते

लॉगिनमध्ये. चाळीस मुलांचे पासवर्ड तासिकेत आठवायला लागले तर दहा-पंधरा मिनिटं गेलीच. लॉगिन आदल्या दिवशी वेगळं करून घ्या, चिठ्ठ्या वहीच्या पुठ्ठ्याच्या आतून चिकटवा. जिथे नेटचा भरवसा नाही तिथे कोलिब्रीसारखी धडे आणि व्हिडिओ साठवून ठेवणारी व्यवस्था एका संगणकावर बसवून बाकीची यंत्रं स्थानिक वायफायने त्याला जोडता येतात. बाहेरचं इंटरनेट लागत नाही. मात्र चाळीस यंत्रांनी एकदम व्हिडिओ मागितला तर साधा राउटर दमतो, म्हणून जोड्या करा किंवा दोन तुकड्यांत चालवा. काम नसताना यंत्रं पालथी. आणि प्रत्येक प्रश्नाची एक प्रत कागदावर हवीच. वीज गेली तर हाताची बोटं दाखवूनही मत घेता येतं, फक्त डोळे मिटून आणि बोटं छातीशी धरून.

उपयोग झाला की नाही हे त्याच दिवशीच्या चाचणीवरून ठरवू नका. दोन आठवडे जाऊ द्या आणि तीच कल्पना नवे आकडे घालून विचारा: ०.६, ०.६२ आणि ०.५८७. मुलं पुन्हा ०.५८७ कडे गेली तर ॲप बदलून काही होणार नाही. संख्यारेषेवर तिन्ही संख्या मांडून घ्या आणि त्यांना ‘पॉइंट पाचशे सत्त्याऐंशी’ म्हणणं सोडायला लावा. ‘पॉइंट पाच आठ सात’ म्हणू द्या. बऱ्याचदा चूक त्या वाचनातच असते.