‘गार’ आणि ‘घार’: स्पीच प्रोसेसिंगच्या संशोधनात शिरताना

भाषाविज्ञानात एम.ए. झालेली मुलं विचारतात, “मॅडम, स्पीच प्रोसेसिंगकडे, म्हणजे बोललेला आवाज यंत्राने मोजण्या-ओळखण्याकडे, वळायचंय, आधी पायथनमध्ये कोड लिहायला शिकू का?” शिका की. पण त्याआधी दोनशे शब्द स्वतःच्या कानांनी ऐका, हाताने खुणा करा आणि मोजा. मी नेमकी उलट गेले होते, आणि त्यात दोन वर्षं गेली.

प्रश्न लहान घ्या. ‘मराठीतील महाप्राण व्यंजने’ हा प्रश्न नव्हे, तो ग्रंथ झाला. ‘गार’ आणि ‘घार’ यांतला फरक ध्वनीत नेमका कुठे असतो, हा प्रश्न. कार, खार, गार, घार असा चौघांचा संच मराठीत आयता मिळतो. (प-वर्गाच्या नादी लागू नका. ‘फार’मधला फ कितीतरी जण खालच्या ओठाला दात टेकवून म्हणतात; मग मोजायला स्फोट, म्हणजे अडवलेली हवा एकदम सुटण्याचा क्षण, सापडतच नाही.)

लिस्कर आणि अब्रॅमसन यांचा १९६४ चा लेख आधी वाचा. त्यांनी अकरा भाषांतली स्पर्श व्यंजनं मोजली आणि त्यांत मराठी होती. व्यंजनाचा स्फोट आणि स्वरतंतूंचं कंपन सुरू होणं, यांमधला वेळ म्हणजे व्हीओटी (व्हॉइस ऑनसेट टाइम). क आणि ख त्याने छान वेगळे पडतात. ग आणि घ मात्र पडत नाहीत, कारण दोन्हींत कंपन स्फोटाच्या आधीच सुरू झालेलं असतं. घ-चा घ-पणा पुढच्या स्वरात सांडतो: ‘आ’ची सुरुवात श्वास मिसळलेली येते. म्हणून तिथे पहिल्या आणि दुसऱ्या हार्मोनिकच्या (कंपनाची मूळ वारंवारता आणि तिची दुप्पट) पातळीतला फरक मोजायचा. शब्दांत ‘आ’च हवा. ‘ई’ किंवा ‘ऊ’ घेतलात तर पहिला फॉर्मंट (घसा-तोंडाच्या पोकळीचा सर्वांत खालचा अनुनाद) खाली येऊन पहिल्या हार्मोनिकला फुगवतो आणि तुम्हाला नसलेला श्वास दिसू लागतो. उंच पट्टीच्या आवाजात तर हमखास.

दहा माणसं, चार शब्द, प्रत्येकी पाच वेळा: झाले दोनशे. शब्द सुटे वाचून घेऊ नका, माणसं यादीचा सूर लावतात. ‘मी आता … म्हणते’ अशा वाक्यात बसवा आणि क्रम पिसून द्या. डब्ल्यूएव्ही फाइल, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, एमपी३ नको. माइक तोंडासमोर नको, थोडा बाजूला धरा, नाहीतर ख-चा झोत थेट त्यावर आदळतो. पंखा बंद. आवाजाची पातळी आधी तपासा. लहरींचे माथे एकदा कापले गेले की कुठल्याही सॉफ्टवेअरने ते परत येत नाहीत.

खुणा ‘प्रात’मध्ये करा. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बूर्स्मा आणि वेनिंक यांनी केलेला हा ध्वनी मोजण्याचा प्रोग्रॅम फुकट आहे. स्वर कुठे सुरू झाला हे ठरवण्याचा नियम आधी कागदावर लिहा, मग पहिली रेघ मारा. दिवसाला चाळीसच्या वर नको. कान थकतात आणि आपल्याला ते कळत नाही. आठवड्याने त्यांतले वीस, जुन्या खुणा न बघता, पुन्हा करा. माझ्या पहिल्या खेपेला स्वतःशीच इतकं जमेना की सगळं पुसून नव्याने बसले.

आता कोड. ते सगळ्यांत सोपं, शिकवणारे भरपूर आहेत. फसगत होते ती डेटाच्या वाटणीत: कशावर मॉडेल (ध्वनी ओळखायला शिकणारा प्रोग्रॅम) शिकवायचं आणि कशावर त्याची परीक्षा घ्यायची. माझं पहिलं मॉडेल ग आणि घ इतके अचूक ओळखायचं की मी हवेत होते. लेख तपासणाऱ्या एका परीक्षकाने एकच ओळ लिहिली: शिकवणीतली माणसंच परीक्षेत आहेत का? होती. मी शब्द वाटले होते, माणसं नाही. माणसागणिक वाटणी केली तेव्हा अचूकता धाडकन उतरली. दहाच माणसं असतील तर दर वेळी एकाला पूर्ण बाहेर ठेवा आणि असं दहा वेळा करा.

पुढे अख्खी वाक्यं ओळखणाऱ्या प्रणालीकडे गेलात, तर शब्द-त्रुटीच्या दराकडे (शंभर शब्दांमागे किती चुका, या मापाकडे) डोळे उघडे ठेवून बघा. यंत्राने ‘घरासमोर’ऐवजी ‘घरा समोर’ लिहिलं, तर एका रिकाम्या जागेपायी दोन चुका धरल्या जातात: एक बदललेला शब्द, एक वाढीव. मराठीत असं पदोपदी होतं. अक्षर-त्रुटीचा दरही शेजारी द्या.

लेख पाठवण्याचं वेळापत्रक आधीच आखा. इंटरस्पीच ही परिषद दरवर्षी असते. स्वनविज्ञानाची जागतिक परिषद चार वर्षांनी एकदा, ती हुकली की बसा.

आणि रेकॉर्डिंगच्या दिवशीच लेखी संमती घ्या. फक्त ‘संशोधनासाठी’ एवढीच नको; आवाज इतर संशोधकांना देता येईल का, मॉडेल शिकवायला वापरता येईल का, हे वेगवेगळं विचारा. माझ्या पहिल्या दहा जणांचे आवाज अजून जपून ठेवलेत. कुणी मागितले तर देता येत नाहीत.