आजोबांच्या हत्यारांवरील गंज उतरवताना

खानदेशातील जुन्या धाब्याच्या घरांत, कोठीच्या कोपऱ्यात किंवा शेतातल्या खोलीत, रंधा, पटाशी, वाकस, करवत अशी सुतारकामाची हत्यारे अजूनही सापडतात. ती हाती येताच ग्राइंडर लावून चकचकीत करण्याचा मोह होतो, तो आवरावा. वरचा लालसर, भुरभुरीत थर लोखंड खात राहतो, परंतु त्याखालची गडद तपकिरी झाक कित्येक वर्षांच्या हाताळणीतून आलेली असते. लाल थर काढावा आणि गडद झाक राखावी, असे माझे ठाम मत आहे.

प्रथम सुक्या ब्रशने माती झटकावी आणि पात्यावर ठसा आहे का ते पाहावे. ‘कास्ट स्टील’ असे अक्षर दिसले तर ते पाते बिडाचे समजू नये. मुशीत वितळवून केलेल्या उंची पोलादाचा तो ठसा असून हे तंत्र इंग्लंडमधील शेफिल्ड येथे १७४०च्या दशकात विकसित झाले. अशा ठशाजवळ पॉलिश पेपर अजिबात घासू नये.

गंज वरवरचा असेल तर रॉकेलमध्ये बुडवलेली बारीक स्टील वूल पुरेशी होते. थर जाड असल्यास लाकडी मूठ काढून केवळ लोखंडी भाग साध्या पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवावा, दर दोन-तीन तासांनी बाहेर काढून ब्रशने घासून पाहावा आणि एका रात्रीपेक्षा जास्त ठेवू नये, कारण गंज संपल्यावर आम्ल चांगल्या धातूलाही लागते. नंतर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात धुऊन तो भाग लगेच कोरडा करावा. वैशाखाच्या उन्हात हे काम काही मिनिटांत होते. पावसाळ्यात मात्र कापडाने पुसून गरम तव्याजवळ धरावे लागते, अन्यथा तासाभरात पुन्हा लाली चढते.

बॅटरी चार्जर व धुण्याच्या सोड्याचे द्रावण वापरून विजेनेही गंज काढता येतो. त्यात हत्यार ऋण टोकाला आणि निकामी लोखंडाचा तुकडा धन टोकाला जोडतात. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नये, त्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. शिवाय हायड्रोजन वायू सुटत असल्याने हे काम उघड्यावर, विस्तवापासून दूरच करावे.

धार लावताना खरी कसोटी लागते. पटाशीची पाठ आधी निसण्यावर सपाट करावी, कारण पाठ वाकडी असेल तर उताराला, म्हणजे धारेच्या तिरक्या बाजूला, कितीही घासले तरी धार टिकत नाही; मग उतार २५ ते ३० अंशांत घासावा. यंत्राच्या चाकावर पाते निळे पडले की त्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरले असे समजावे. ते पाते पुढे मऊच राहते, म्हणून चाक वापरायचेच असेल तर पाते वारंवार पाण्यात बुडवावे.

आमच्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते आणि कुऱ्हाडीचा दांडा सैल होतो. तेव्हा कुऱ्हाड रात्रभर पाण्यात ठेवण्याची सवय सर्वत्र आहे. त्याने दांडा फुगतो खरा, पण लोखंडात दाबून त्याचे तंतू चेंगरतात आणि सुकल्यावर तो आधीपेक्षा अधिक सैल होतो. नवी पाचर ठोकणे हाच योग्य उपाय आहे. लाकडाला जवसाचे तेल पातळ लावून जादा तेल पुसावे, आणि त्या चिंध्यांचा गोळा करून ठेवू नये. हे तेल वाळताना तापते व चिंध्या आपोआप पेटू शकतात. त्या पाण्यात भिजवून किंवा पसरून वाळवाव्यात.

लोखंडाला शिलाई मशीनच्या तेलाचा हात द्यावा. शेंगदाण्याचे किंवा सरकीचे तेल कालांतराने चिकट होते. ठेवण्याची जागाही पाहावी: केळीच्या बागेसाठी आणलेल्या म्युरेट ऑफ पोटॅश या खताच्या गोण्यांजवळ हत्यारे कधीही ठेवू नयेत, कारण त्यातील क्लोराइड आणि ओलावा मिळून एका पावसाळ्यातच सारी मेहनत वाया घालवतात.